आमच्या गावात काय मिळते?

माझा मेहुणा पुण्याला असतो, एवढे सांगितले की त्याच्याबद्दल बरेचसे सांगून होते. उरले इतकेच, की बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याने एक वही घातली आहे. वहीवर ठळक अक्षरांत 'अवश्य' एवढेच लिहिलेले आहे. रविवारच्या पुरवण्यांतून 'या शहरात गेलात तर या हॉटेलात हे खाच' अशा तऱ्हेचे जे जे काही छापून येते, ते कापून तो या वहीत चिकटवतो. मग त्या त्या गावी जातो, तो तो पदार्थ खातो आणि कात्रणापुढे लाल शाईने बरोबरची खूण करतो. लेजर तपासायची चाळीस वर्षांची सवय अशी जात नाही.

वही मी पाहिली आहे. दादरला मामा काणे यांचा बटाटेवडा, खूण. दादरलाच 'आस्वाद'ची मिसळ, खूण, आणि समासात टीप : 'हिला २०१५ साली लंडनमधून जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान.' नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ, दोन खुणा. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'चा डोसा, इतक्या खुणा की कात्रण दिसत नाही. कोल्हापूरला फडतरे यांची मिसळ. नागपूरला तर्री-पोहे. छत्रपती संभाजीनगरला नान-खलिया, याच्यापुढे खूण नाही, कारण मेहुणा शाकाहारी आहे. पण वास घेऊन आला, अशी प्रामाणिक नोंद आहे. त्याच्यानंतर पान उलटले की एकदम हैदराबाद : इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किट.

संभाजीनगर ते हैदराबाद! मध्ये काही नाही. नकाशावर तिथे जालना आहे, परभणी आहे, नांदेड आहे. परभणी जिल्ह्यात पाथरी आहे आणि पाथरीत मी आहे. पण वहीच्या हिशेबी हा सगळा मुलूख म्हणजे रेल्वेत झोपून काढायचा भाग. एवढ्या पट्ट्यात लाखो माणसे दोन वेळा जेवतात, काहीजण तर चवीने जेवतात, ही बातमी अजून पुरवणीवाल्यांपर्यंत पोचलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात हा मेहुणा सपत्नीक आमच्याकडे आला. साईबाबांच्या जन्मस्थानाचे दर्शन घ्यायचे हे निमित्त. अहिल्यानगर, पाथर्डी, गेवराई, माजलगाव करत तो कल्याण-निर्मळ रस्त्याने आला, ढालेगावला गोदावरी ओलांडली, घरात पाय टाकला, पाणी प्यायला, आणि वही उघडून म्हणाला,

"दाजी, पाथरीत फेमस हॉटेल कुठलं? आणि तिथं काय खायचं?"

वाचकहो, मी या गावात सत्तर वर्षे काढली. आजवर मला लोकांनी 'नळाला पाणी कधी येतं', 'परभणीची गाडी गेली का', 'कापसाचा भाव काय फुटला' असे अनेक प्रश्न विचारले. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवायचो. त्यामुळे उत्तर येत नसले की इतिहासात शिरायचे, ही आमची जुनी युक्ती.

"अरे, या पाथरीसाठी लढाया झाल्यात," मी म्हणालो. "अहमदनगरच्या निजामशहाचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुळकर्णी. म्हणून त्याला पाथरी हवी होती. ती होती वऱ्हाडच्या इमादशहाकडं. तो देईना. मग सोळाव्या शतकात बुऱ्हाण निजामशहानं फौज पाठवून पाथरी घेतली."

"ते ठीक आहे," मेहुणा पेनाचे टोपण काढत म्हणाला. "घेतल्यावर खाल्लं काय?"

तर मंडळी, हा लेख त्या प्रश्नापायी लिहिला आहे. पुरवणीवाल्यांशी माझे भांडण आहेच. पण ते छोटे. मोठे भांडण आमच्या गावाशी आहे आणि सगळ्यांत मोठे कोणाशी आहे ते शेवटी कळेल.

त्या रात्री मी त्याला हायवेवरच्या एका नव्या हॉटेलात नेले. नाव सांगत नाही. मला याच गावात राहायचे आहे. काचेचा दरवाजा, आत थंडगार, छताला निळे दिवे. मेनू कार्ड एवढे मोठे की उघडल्यावर समोरची वहिनी दिसेनाशी झाली. पनीर बटर मसाला, पनीर कढाई, पनीर अंगारा, पनीर तुफानी. त्याखाली भाज्यांचा भूगोल : व्हेज कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, व्हेज जयपुरी. भातात काश्मिरी पुलाव. पलीकडच्या पानावर चीन. चीनच्या खाली दक्षिण हिंदुस्थान. अखिल विश्व त्या कार्डावर नांदत होते; फक्त पाथरी नव्हती. मी दोनदा वाचले. कोल्हापूरला भाजी आहे, जयपूरला आहे. ज्या गावात हे हॉटेल उभे आहे त्या गावाच्या नावाने साधी चटणीसुद्धा नाही.

"इथली स्पेशालिटी काय?" मेहुण्याने पोऱ्याला विचारले.

"मंच्युरियन फेमस आहे सर."

मेहुण्याने वही मिटली. मला कसेसेच झाले. मी म्हणालो, "ज्वारीची भाकरी आहे का रे?"

"भाकर नाही सर. तंदूर रोटी देऊ?"

"तू कुठला?"

"इथलाच की. दोन कोसावर गाव आहे."

"मग तू स्वतः रात्री काय जेवणार? मंच्युरियन?"

पोरगे लाजले. म्हणाले, "नाही सर. मायनं भाकर बांधून दिलीय. डब्यात."

म्हणजे हॉटेलात भाकरी होती! फक्त ती कार्डावर नव्हती, फडक्यात होती. मेहुणा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, याला तंदूर रोटी देऊन त्याच्याकडनं ती अदलाबदल करता येईल का?" वहिनींनी डोळे वटारले म्हणून, नाही तर त्याने विचारलेही असते. आम्ही पनीर तुफानी खाल्ले. तुफान वगैरे काही आले नाही. रात्री बाराच्या सुमारास छातीत जरा वारे सुटले, तेवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या हिने सुशीला केला. आता पुण्याच्या वाचकांनी दचकू नये. सुशीला ही आमच्याकडे खायची वस्तू आहे. मुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच काढून दोन्ही हातांनी पिळायचे, त्याला डाळ्याचे पीठ चोळायचे आणि कांदा, मिरची, शेंगदाणे, हळद यांच्या फोडणीवर परतून वर कोथिंबीर पेरायची. पोह्यांपेक्षा हलका, चिवड्यापेक्षा ओला आणि दोघांपेक्षा झटपट. बरोबर धपाटे होते. ज्वारीचे पीठ, थोडे बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरचीचा ठेचा, ओवा, तीळ. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले. वर घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. मेहुण्याने चार धपाटे खाल्ले, पाचवा हातात घेतला आणि वही उघडून विचारले, "ताई, हे कुठल्या हॉटेलात मिळतं?"

"कुठल्याच नाही," ती म्हणाली.

"का?"

आमची ही तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "कारण मी एकटीच आहे."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे ते मला चांगलेच भोवणार होते.

दुपारी मी त्या हॉटेलच्या मालकाला गाठले. बोलायला दिलखुलास माणूस. मी शाळामास्तरच्या थाटात विचारले, "तुम्ही भाकरी का ठेवत नाही?" त्याने हिशेबाच्या वहीत बोट ठेवून मला तीन कारणे सांगितली. ती मी जशीच्या तशी देतो आणि त्यांना माझी उत्तरेही देतो. त्याला ती उत्तरे मी तेव्हा दिली नाहीत. चांगली उत्तरे मला नेहमी घरी आल्यावर सुचतात.

कारण पहिले : "सर, भाकर तर प्रत्येकाच्या घरी आहे. ती खायला माणूस हॉटेलात कशाला यील?"

वरवर पाहता मुद्दा बिनतोड आहे. पण मग पुण्याच्या माणसाचे काय करायचे? हा माणूस आठवडाभर घरी पिठले टाळतो आणि रविवारी पहाटे उठून, सिंहगड चढून, वर धापा टाकत पिठले-भाकरीच मागतो. टिळक रस्त्यावर 'बादशाही' बोर्डिंगपुढे तो रांगेत उभा राहतो. कशासाठी? तर पोळी, भाजी, वरण, भात यांच्यासाठी! म्हणजे जे घरी आहे त्याच्यासाठीच. मिसळ म्हणजे तरी काय? घरातली उसळ आणि डब्यातले फरसाण. वडापाव घ्या. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला असे सांगतात. त्यातला बटाटेवडा घराघरांत होताच. त्यांनी तो पावात घातला आणि लाजले नाहीत. प्रसिद्ध पदार्थ आकाशातून पडत नाहीत. कोणीतरी घरचाच पदार्थ उचलतो, दुकानात मांडतो आणि ताठ मानेने सांगतो की आमच्याकडे हे मिळते. आमच्याकडे पदार्थ आहेत. मान तेवढी ताठ होत नाही.

कारण दुसरे : "सर, भाकरीला हात लागतो."

हे मात्र खरे आहे. मैद्याचा गोळा सकाळी मळून ठेवला की रात्रीपर्यंत त्याच्या रोट्या निघतात. मैद्याला चिकटपणा असतो. ज्वारीच्या पिठाला तो अंगचा नसतो. गरम पाण्याने आणि तळहाताने तो त्याच्यात आणावा लागतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. म्हणून ताजे पीठ घ्या, एका भाकरीपुरता उंडा मळा, थापा, तव्यावर टाका, वरून पाण्याचा हात फिरवा, उलटा, मग आरावर शेकून फुगवा, आणि हे सगळे गिऱ्हाईक बसल्यावर. आधी करून ठेवली तर तिची पुठ्ठ्याशी सोयरीक जुळते. भाकरी म्हणजे दर वेळी नव्याने करायची गोष्ट. आणि ती करायला बाई लागते. बाप्यांना येत नाही असे नाही, पण त्यांना येऊ द्यायचे नाही असे बाप्यांनीच ठरवलेले आहे.

कारण तिसरे : "सर, भाकरीला भाव कोण देतो?"

इथे मी घरी आल्यावरही गप्प राहिलो. कारण भाव न देणाऱ्यांची नावे मला ठाऊक आहेत. त्यांतले एक नाव पाटीवर माझ्या दारावरच लावलेले आहे.

पण भावाच्या आधी लाजेचे बोलू. भाकरीची आम्हांला लाज का वाटते? याचे उत्तर हॉटेलात मिळत नाही. ते १९७२ सालात मिळते. त्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा होतो. ज्वारी नव्हती. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो मिळायची. तिची भाकरी तांबूस, घशात अडकणारी. गुरेसुद्धा हुंगून मान फिरवत. आम्ही ती खाल्ली आणि जगलो. खडी फोडणारे लोक दुपारी तीच खात. त्याच्या पुढच्या वर्षी मी परभणीला कॉलेजात गेलो. घरून रोज एसटीने डबा यायचा. त्या काळी आमच्या भागात एसटीच्या टपावर पोरांच्या डब्यांची रांगच असे. कुणाच्या डब्यात काय आहे हे कंडक्टरला वासावरून कळे. माझी आई डब्यात वर दोन गव्हाच्या पोळ्या ठेवायची आणि खाली चार भाकरी. मी वसतिगृहात झाकण उघडायचो ते पोळ्या चारचौघांना दिसाव्यात अशा बेताने, आणि भाकरी खायचो खोलीत कोणी नसताना. घरी पोळी फक्त सणाला होत असे. त्या दोन पोळ्यांसाठी आईने कुठला गहू मोडला, हे मी तिला कधी विचारले नाही. आज विचारायला ती नाही.

आता ध्यानात आले का? पोळी सणाची, भाकरी दुष्काळाची. पोळी पाहुण्याला, भाकरी गड्याला. हॉटेलात माणूस जातो तो घटकाभर पाहुणा व्हायला. म्हणून आमच्या हॉटेलांत तंदूर रोटी आहे. आम्ही त्या काचेच्या दरवाजाआड बसून अजूनही डब्यातल्या वरच्या दोन पोळ्याच जगाला दाखवत आहोत.

आणि जग मात्र भलतीकडेच निघाले आहे! संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, आमच्या शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला मिळाले. परभणीला तर १९७२ सालीच, म्हणजे त्याच दुष्काळाच्या वर्षी, कृषी विद्यापीठ निघाले. त्यांनी ज्वारीची एक जात काढली, तिचे नाव ठेवले 'परभणी मोती'. २०१८ साली लोह आणि जस्त जास्त असलेली दुसरी काढली, ती 'परभणी शक्ती'. शास्त्रज्ञांनी ज्वारीला मोती म्हटले. आम्ही 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून मिशा पिळतो; आणि जर्मनीचा माणूस उद्या पाथरीला येऊन मोत्याची भाकरी मागू लागला, तर त्याच्यापुढे मंच्युरियन ठेवणार!

जर्मनीचे राहू द्या. बाबांच्या दर्शनाला येणाऱ्यांचे पाहा. जानेवारी २०२० मध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली. त्यावरून १९ जानेवारीला शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. जन्म पाथरीचा की नाही, यावर दोन गावे भांडली. त्या वादात मी पडत नाही. मी पाथरीचा असल्याने माझे मत विचारण्यात अर्थ नाही. पण एका गोष्टीवर दोन्ही गावांचे एकमत आहे. बाबा शिर्डीत भिक्षा मागून राहिले. दारोदार फिरून मिळालेली भाकरी, कालवण मशिदीत आणून ठेवायचे. त्यातले कुत्र्या-मांजरांनीही खायचे आणि मग त्यांनी खायचे. कधी स्वतः हंडी शिजवून लोकांना वाढायचे. आता असे पाहा, भाकरीवर जन्म काढलेल्या फकिराच्या दर्शनाला माणसे शेकडो मैलांवरून येतात, हात जोडतात, डोळे पुसतात आणि बाहेर पडून 'जवळपास पनीर कुठे चांगलं मिळतं' असे विचारतात. त्यांची चूक नाही. दुसरे काही मिळते, हे त्यांना आम्ही सांगितलेलेच नाही.

तेव्हा आता मीच यादी देतो. पुरवणीवाल्यांनी कापून घ्यावी.

सकाळी सुशीला किंवा धपाटे. वर सांगितलेच आहे. दुसरी सकाळ मोहल्ल्यात काढावी. मसुराची खिचडी आणि चिंच-तिळाचा खट्टा; मांसाहारी असाल तर सोबत खिमा. १९४८ पर्यंत आम्ही हैदराबादच्या राज्यात होतो. राज्य गेले, खट्टा राहिला; बहुतेक राज्यांबद्दल यापेक्षा चांगले काही सांगता येत नाही. लहानपणी माझ्या वर्गमित्राच्या अम्मीने मला वेगळ्या भांड्यात बिनखिम्याचा हा न्याहारीचा वाटा राखून ठेवलेला असे. दुपारी ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी, वर लसणाची चुरचुरीत फोडणी. नाही तर येसराची आमटी. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेले हे पीठ डब्यात असले, की भाजी नसलेल्या दिवशीही पाहुण्याला घाबरायचे कारण नाही. थंडीत शेतावर हुरडा : गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कोवळी कणसे, हातावर चोळून फुंकर मारलेले गरम दाणे, लसणाची चटणी, गूळ, बोरे. आणि रात्री भाकरी. बरोबर काय, ते विचारू नका. भाकरीबरोबर काहीही चालते; ठेचा चालतो, पिठले चालते, भूक तर सर्वांत उत्तम चालते.

यांतले हॉटेलात काय मिळते? दोन टपऱ्यांवर सुशीला मिळतो, तोही दहाच्या आत गेलात तर. बाकी सगळे घराघरांत बंद आहे. आमचे प्रसिद्ध हॉटेल म्हणजे आमच्या बायकांची स्वयंपाकघरे. त्यांना पाटी नाही, सुट्टी नाही आणि बिलही नाही.

तुम्ही म्हणाल, एकही ठिकाण नाही? आहे ना. मोंढ्याच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक मावशी खानावळ चालवतात. हमाल, मापाडी, माल घेऊन आलेले शेतकरी तिथे जेवतात. बाहेर पाटी नाही. धूर हीच पाटी. मला हे ठिकाण तीस वर्षांपासून ठाऊक आहे. मग पहिल्याच रात्री मेहुण्याला तिथे का नेले नाही? प्रश्न रास्त आहे. बाकडी खालीवर होतात, पत्रा तापतो, हात धुवायला बाहेर पिंप आहे, वहिनींनी चांगली साडी नेसली होती. थोडक्यात, मला लाज वाटली. झाकण उघडताना पोळ्याच दिसाव्यात, हा बेत माझा अजून सुटलेला नाही.

निघायच्या दिवशी मात्र मी दोघांना तिथे नेले. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. काठवटीत उंडा, दोन तळहातांच्या मध्ये तो चंद्रासारखा वाढत जातो, तव्यावर पडतो, उलटतो, आरावर टम्म फुगतो. आणि वरचा पापुद्रा फोडून त्यात तेल आणि तिखट घालून त्या ती पुढे सरकवतात. वहिनींनी चांगल्या साडीचा पदर खोचला आणि तीन भाकरी खाल्ल्या. मेहुणा बोलतच नव्हता. त्याचे बोलणे थांबते हे मला प्रथमच कळले. शेवटी त्याने वही उघडली आणि विचारले, "मावशी, खानावळीचं नाव काय?"

"नाव?" मावशी हसल्या. "नाव कशाला? लोक मावशीकडं म्हणत्यात."

त्याने तसेच लिहिले : 'पाथरी. मोंढ्यामागे. मावशीकडे. भाकरी.' आणि लाल शाईची खूण केली. कात्रण नसताना केलेली ती त्या वहीतली पहिली खूण.

माझा ऊर भरून आला. मी तिथेच उभा राहून मावशींना ऐकवले, की मावशी, तुम्ही गावाची अब्रू राखली; तुमच्या हातची भाकरी पुण्याच्या सगळ्या हॉटेलांना भारी आहे; या श्रमाचे मोल गावाला कळत नाही; हायवेवर तीनशेचे पनीर न बोलता गिळणारे लोक तुमच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात, त्यांना शरम वाटली पाहिजे! दोन हमाल जेवता जेवता मान हलवू लागले. मेहुणा कौतुकाने बघत होता.

मावशींनी शांतपणे भाकरी उलटली आणि हिशेब सांगितला. "आठ भाकरी, पंचवीसनं दोनशे. पिठलं, ठेच्याचं वेगळं."

आणि माझ्या तोंडून, आईशप्पथ सांगतो, मी थांबवायच्या आत निघून गेले :

"पंचवीस? मागल्या वेळेला वीस होती की!"